मंजुरीपत्र

२०२३ च्या उन्हाळ्याअखेरीस प्रतापनगरातील एका घरी थोड्या दिवसांच्या अंतराने दोन होकार आले. एक चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचा आणि दुसरा भारतीय सांख्यिकी संस्थेच्या बंगळूर केंद्राचा. बारावीनंतर ‘इंजिनिअरिंग की सीए’ यापलीकडचा प्रश्न त्या घराला ठाऊक नव्हता. आता घरातील एकुलत्या मुलीला गणिताच्या पदवीसाठी या दोहोंतून एक निवडायचे होते. शेजाऱ्यांना त्यातले महत्त्व समजावणे अवघडच होते. व्हीएनआयटी सायकलच्या अंतरावर असताना मुलगी हजार किलोमीटर दूर जाऊन गणितच शिकणार, हे ऐकून कॉलनीतील काकूंनी सहानुभूतीने विचारले, “जेईईत कमी पडले का हो?”

या संस्थांची नावे मराठी घरांत फारशी निघत नाहीत, म्हणून थोडे सांगणे भाग आहे. सांख्यिकी संस्था प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३१ साली कलकत्त्यात स्थापन केली. १९५९ साली संसदेने कायदा करून तिला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवले. सांख्यिकीची पदवी कलकत्त्यास आणि गणिताची बंगळुरास म्हैसूर रस्त्यावरील केंद्रात, अशी तिची विभागणी. चेन्नईची संस्था त्या मानाने तरुण. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अनेक वर्षे काम केलेले सी. एस. शेषाद्री यांनी १९८९ साली तिचा पाया घातला. शहराबाहेर सिरुसेरी येथे तिचा परिसर आहे आणि तिथे गणिताबरोबर संगणकशास्त्रही पहिल्या सत्रापासून शिकवले जाते. दोन्हीकडे प्रवेश स्वतःच्या लेखी परीक्षेवर होतो आणि जेईईच्या क्रमांकाला तिथे कोणी विचारत नाही. उत्तर बरोबर आले एवढ्याने भागत नाही, ते बरोबर का, हे सिद्ध करून लिहावे लागते.

घरातील प्रत्येकाने मत दिले आणि प्रत्येकाचे कारण निराळे होते. आईचे मत चेन्नईला, कारण नागपूरहून तिकडे जाणाऱ्या गाड्या पुष्कळ. जी.टी. आहे, तमिळनाडू एक्सप्रेस आहे, मुलगी आजारी पडली तर रात्री निघून दुसऱ्या दिवशी पोहोचता येईल. बंगळूरसाठी संघमित्रेवर विसंबायचे आणि तिचे आरक्षण मिळेल तेव्हा खरे. आजीची चिंता जेवणाची. कांदा-लसूण टाळता येईल, बटाटाही बाजूला काढता येईल, पण वसतिगृहाचे रात्रीचे जेवण सूर्यास्तानंतर असते त्याचे काय? मुलीने सांगितले की फळे आणि खाकरे खोलीत ठेवीन, पर्युषणात तरी चुकणार नाही. आजीने यावर होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. मामांनी फोनवरून दोन्ही ठिकाणच्या पॅकेजची चौकशी केली आणि समाधान न झाल्याने पुन्हा व्हीएनआयटीचेच नाव घेतले.

आजोबांचे मत मात्र ठाम बंगळूरला होते. त्यांच्या कपाटात सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने १९६३ साली हिंदी अनुवादासह काढलेला महावीराचार्यांचा ‘गणितसारसंग्रह’ होता. नवव्या शतकातील त्या ग्रंथात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाची स्तुती आहे आणि अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट आजच्या कर्नाटकात येते. म्हणून गणित शिकायचे तर कर्नाटकात, असा त्यांचा युक्तिवाद. शिवाय त्याच एप्रिलमध्ये १०२ वर्षांच्या सी. आर. राव यांना सांख्यिकीचे आंतरराष्ट्रीय पारितोषिक जाहीर झाल्याची बातमी त्यांनी कापून ठेवली होती. १९४० च्या सुमारास सैन्यातील नोकरी मिळते का हे पाहायला राव कलकत्त्यास गेले, ती मिळाली नाही, तिथे सांख्यिकी संस्थेत शिकणारा एक जण त्यांना भेटला आणि १९४१ मध्ये ते संस्थेत दाखल झाले. आजोबा म्हणत, “त्यांनी तरी कुठे दोन पत्रे समोर ठेवून तुलना केली होती?”

बाबा गप्प होते. त्यांचे इतवारीत कापडाचे दुकान. करोनाच्या दोन वर्षांत उधारी बुडाली, एक नोकर कमी करावा लागला आणि दुकान नुकते कुठे मान वर काढत होते. बंगळुरास शिकवणी शुल्क नव्हते, उलट प्रगती समाधानकारक राहिली तर दरमहा ५,००० रुपये विद्यावेतन मिळणार होते. चेन्नईला फी भरायची होती. तिथेही सवलत मिळते, पण ती मिळेलच असे धरून घरखर्च आखता येत नाही. चेन्नईच्या पदवीविषयी त्यांनी एक शंका काढून पाहिली. विद्यापीठाचा दर्जा त्या संस्थेला २००६ साली मिळाला आणि त्याआधीच्या विद्यार्थ्यांना मध्य प्रदेश भोज मुक्त विद्यापीठाची पदवी घ्यावी लागे. मुलीने शांतपणे सांगितले की त्या पदवीवरही मुले जगातल्या उत्तम विद्यापीठांत संशोधनाला गेली. शंका तिथेच मिटली. खरी शंका पदवीची नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होते.

त्याच रात्री मुलगी म्हणाली, “बंगळूर ठरले, बाबा.” फार चटकन म्हणाली. बाबांनी मान हलवली. रात्री उशिरा कूलरच्या आवाजात त्यांना झोप येईना. आपल्या तोंडातून ‘फी’ हा शब्दही न निघता तो मुलीपर्यंत पोहोचला, ही गोष्ट त्यांच्या जिव्हारी लागली होती.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी घरी न सांगता बँकेच्या फेऱ्या मारल्या. शैक्षणिक कर्जाविषयी आपल्या व्यापारी कुटुंबांत अकारण संकोच असतो. कर्ज धंद्यासाठी घ्यावे, शिक्षणासाठी घेणे म्हणजे ऐपत नसल्याची कबुली, अशी समजूत दिसते. ती सोडून दिलेली बरी. चार लाखांपर्यंत पालकांनी सहकर्जदार म्हणून सही केली की पुरते. साडेसात लाखांपर्यंतही घर किंवा दागिने तारण ठेवण्याची सामान्यतः गरज पडत नाही. हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होतात, तोवर व्याज सरळ पद्धतीने आकारले जाते आणि मुलींना अनेक बँका व्याजात अर्धा टक्का सूट देतात. अर्थात कर्ज ते कर्जच, फेडावे लागते. बाबांनी साडेसात लाखांच्या मर्यादेतच अर्ज केला, दुकानाची तीन वर्षांची विवरणपत्रे जोडली आणि होकार कळवण्याची मुदत संपण्यास पाच दिवस असताना मंजुरीपत्र आणून मुलीपुढे ठेवले.

“आता सांग,” ते म्हणाले. “पैशांचे उत्तर हे आहे. तुझे उत्तर वेगळे असले तर ते ऐकायचे आहे.”

मुलगी आनंदेल असे त्यांना वाटले होते. ती रडली, आणि मग तीन दिवस कोणाशी धड बोलली नाही. बंगळूर ठरवताना तिला कसलाही विचार करावा लागला नव्हता, विचार करायची वेळ आता आली होती. दोन्ही ठिकाणच्या एकेका विद्यार्थिनीशी ती फोनवर बोलली. बंगळूरची म्हणाली, इथे जवळपास सगळे विषय ठरलेले. विश्लेषण, बीजगणित, संभाव्यता, सांख्यिकी, भौतिकशास्त्रसुद्धा. आवडो न आवडो, करावेच लागते आणि घसरलीस तर विद्यावेतन थांबते. चेन्नईची म्हणाली, इथे पुढे पुढे मोकळीक फार, संगणकशास्त्राकडे वळायचे तर वळता येते आणि काही जणांना पॅरिसच्या एकोल नॉर्मालमध्ये जायची संधीही मिळते. दोघीही आपापल्या जागी सुखी होत्या. त्यामुळे त्यांच्या बोलण्याचा निर्णयाला काही उपयोग झाला नाही.

मग तिने दोन्हीकडच्या पहिल्या सत्राचे विषय समोर ठेवले, जमेल तशी टिपणे मिळवली आणि उदाहरणे सोडवायला बसली. चेन्नईतल्या पद्धतीने संगणकाला आज्ञा लिहिण्यात पहिला दिवस छान गेला. दुसऱ्या दिवशी संभाव्यतेतील एका प्रश्नाने तिला धरून ठेवले. एक माणूस नाणे उडवतो, छाप पडली तर एक पाऊल पुढे, काटा पडला तर एक पाऊल मागे. तो निघाल्या जागी कधीतरी परत येतोच का? दुपारी जेवायची हाक गेली ती तिला ऐकूच आली नाही. संध्याकाळी सूर्य बुडण्याआधी आजी ताट घेऊन खोलीत आली तेव्हा वहीची बारा पाने भरली होती.

“येतो का मग परत?” आजीने विचारले.

“एका रेषेवर येतोच, आजी. मैदानात चारही दिशांना जाऊ दिला तरी येतोच. वर-खालीही जाऊ दिला तर मात्र तीनांत जेमतेम एकदा. हे पोल्या नावाच्या गणितज्ञाने १९२१ साली सिद्ध केले. रेषेवरचे मी आज स्वतः केले.”

आजीने ताट पुढे सरकवले. “आधी जेव. पाच मिनिटे राहिलीत.”

चौथ्या दिवशी सकाळी मुलीने बंगळूरचेच नाव सांगितले. संभाव्यता सक्तीने शिकवतात ते ठिकाण हवे, एवढेच कारण दिले. आजोबा महावीराचार्यांचा विजय झाल्याच्या आनंदात होते आणि आई संघमित्रेचे वेळापत्रक पाहू लागली. बाबांनी दोनदा विचारले, “नक्की ना? माझ्यासाठी नाही ना?” दोन्ही वेळा मुलगी “नाही, बाबा” म्हणाली. तिसऱ्यांदा विचारायचे त्यांनी टाळले.

बँकेतून फोन आला की रक्कम कधी उचलणार. बाबांनी थोडे थांबायला सांगितले. मुलगी बंगळुरास रुजू झाली, पहिल्या महिन्याचे विद्यावेतन तिच्या खात्यात जमा झाले, तरी मंजुरीपत्र दुकानाच्या गल्ल्याखालच्या कप्प्यात होते. दिवाळीला घरी आल्यावर वर्गात काय चालले आहे ते ती दोन तास सांगत बसली. ती परत गेल्यानंतर एका सोमवारी बाबांनी शाखेत जाऊन कर्ज नको असल्याचे लिहून दिले.