पुढची बैठक

जुन्या वस्तूंविषयी आपल्या समाजात दोन प्रकारचा आदर आढळतो. एक, वस्तूला हात न लावता तिला पुजणारा. दुसरा, तिला वापरात ठेवून जपणारा. देवालयातील समई आपण दुसऱ्या रीतीने जपतो. वात नवी, तेल नवे, समई मात्र तीच. मोटारीसारख्या यंत्राच्या बाबतीत कोणती गोष्ट वातीसारखी बदलावी आणि कोणती समईसारखी राखावी, याचा निर्णय इतका सोपा नसतो. पाळी येथील आमच्या घरी हा प्रश्न गतवर्षी मोटारीच्या पुढच्या बैठकीच्या निमित्ताने उपस्थित झाला.

आमची मोटार १९५५ सालची शेव्हरोले. त्या दशकात डिचोलीच्या परिसरात खाणींचा व्यवसाय भरभराटीस आला होता आणि येथील लोहखनिज जपानकडे जाऊ लागले होते. मुंबईतील जनरल मोटर्सचा जुळणीचा कारखाना १९५४ मध्ये बंद झाला व भारतात अमेरिकन मोटारी विरळ होत गेल्या. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात मात्र त्या येतच राहिल्या. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यानंतर भारताचे आयातीवरील निर्बंध येथेही लागू झाले आणि अशा मोटारी ज्यांच्यापाशी होत्या, त्यांना त्या आहेत तशाच सांभाळणे भाग पडले. आमच्या वडिलांनी ही मोटार जुनीच विकत घेतली होती.

या मोटारीची पुढची बैठक म्हणजे दारापासून दारापर्यंत पसरलेला एकच सलग कोच. गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबावर असल्यामुळे मधली जागा मोकळी राहते व तिघे जण शेजारी शेजारी बसू शकतात. वडील चालवीत, मातोश्री पलीकडल्या दाराशी, आणि मध्ये आम्हां भावंडांपैकी ज्याची पाळी असेल तो. साठांहून अधिक पावसाळ्यांच्या दमट हवेने मात्र स्प्रिंगा गंजून तुटल्या, वरचा भराव दबला, आणि बसणारा एका कुशीला कलू लागला.

उपाय तीन सुचले. आमच्या पुतण्याचे म्हणणे असे की, भंगारातील एखाद्या आधुनिक गाडीच्या दोन स्वतंत्र सीटा बसवाव्यात. त्यांना मानेचा आधार असतो आणि प्रत्येक सीट स्वतंत्रपणे पुढेमागे सरकते. ही दुसरी सोय क्षुल्लक नव्हे. सलग कोचावर ठेंगणा चालक स्वतःसाठी बैठक पुढे ओढतो, तेव्हा शेजारच्याचे गुडघेही त्याच्याबरोबर पुढे जातात. फोंड्याच्या एका कारागिराने अॅम्बॅसेडरचा कोच सुचविला. पण अॅम्बॅसेडर शेव्हरोलेपेक्षा सुमारे वीतभर अरुंद; तिचा कोच येथे बसविला तर कडेला फट राहणार आणि रुळांची छिद्रेही जुळणार नाहीत. तिसरा उपाय मूळ सांगाडा ठेवून आतले सर्व नवे करण्याचा. या मोटारीसाठी नव्या गाद्या व खोळी अमेरिकेत आजही तयार होतात, परंतु वाहतूक व जकात धरता तो व्यवहार आम्हांस परवडणारा नव्हता.

शेवटी मोजपट्टी घेऊन बसलो. आधुनिक सीटेच्या कडा उंच व बसण्याची जागा खोलगट. नऊवारी नेसलेल्या, गुडघे धरलेल्या वृद्धेने त्या कडेवरून पाय काढायचा तरी कसा? मातोश्रींना आम्ही तसल्या एका सीटेवर बसवून पाहिले. त्या आपल्या कोकणीत एवढेच म्हणाल्या, "म्हजो पांय पयलीं भुंयेक तेंकूंक जाय, सोबाय मागीर." पाय आधी भुईला टेकावा, शोभा मागाहून. आमच्या मते बैठकीच्या निवडीचे सारे शास्त्र या एका वाक्यात आले. बैठकीची खरी उंची ही गादी दबल्यावर उरणारी उंची होय. ती फार कमी झाली तर म्हाताऱ्या माणसास उठवत नाही, फार वाढली तर चालकाची मांडी सुकाणूस घासते.

कायद्याचाही विचार करावा लागला. पन्नास वर्षांवरील मोटारींसाठी २०२१ मध्ये जे नियम झाले, त्यांत विंटेज म्हणून नोंद व्हावयाची तर चासी, कवच व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. अशी मोटार नित्याच्या वा व्यापारी वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. दोन परक्या सीटांसाठी तळाचा पत्रा कापावा लागला असता. म्हणून मूळ सांगाडा गंज खरवडून, रंगवून घेतला. स्प्रिंगा नव्या घातल्या आणि वर घट्ट फोम बसविला.

एक गोष्ट मात्र आम्ही हट्टाने नवी केली. १९५५ च्या मोटारींत पट्टे नसत. अमेरिकेतही नव्या मोटारींत ते सक्तीचे झाले १९६८ पासून. पट्टा सांगाड्याला बांधला तर धक्क्यासरशी बैठकच उखडण्याची भीती. यासाठी तळाला मोजकीच छिद्रे पाडून, खाली जाड पोलादी पट्ट्या देऊन दोन पट्टे बसविले. पुतण्याचे मानेच्या आधाराविषयीचे म्हणणे खरे होते, आणि ती उणीव आमच्या निवडीत राहिली आहे. म्हणून मोटार क्वचितच, दिवसाउजेडी व संथपणे बाहेर काढावी, असे घरात ठरले आहे.

पट्टे दोनच असल्यामुळे मधल्या जागी आता कोणीही बसत नाही. बालपणी ज्या जागेसाठी आम्ही भांडलो, ती रिकामी ठेवणे आम्हांस जड गेले. परंतु जत्रेच्या दिवशी मातोश्री कोणाचाही हात न धरता मोटारीतून उतरल्या आणि देवळाच्या पायऱ्यांकडे चालू लागल्या, तेव्हा त्या रिकाम्या जागेचा सल पुष्कळसा निवाला. पुतण्याही मग सीटांविषयी काही बोलला नाही. त्याने मागे राहिलेली फुलांची परडी उचलली आणि तो त्यांच्या मागोमाग गेला.