डोंगळ्यांवरची माशी

कांद्याचं बी धरणं हा कांदा पिकवण्यापेक्षा वेगळाच उद्योग आहे. दिवाळीच्या आगेमागे निवडक कांदे वरून कापून लावायचे. जानेवारीत डोंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, वर येतात, त्यांच्या टोकाला फुलांचे गोंडे फुटतात आणि काम आपल्या हातातून जातं. खत-पाणी, निंदणी सगळं वेळेवर झालं तरी मधमाशी फिरकली नाही, तर मळणीला निम्मा भुसाच निघतो.

का, ते गोंड्यातलं एकच फूल जवळून बघितलं की कळतं. सहा पुंकेसर. आतले तीन आधी फुटतात, मग बाहेरचे तीन. त्यांचा पराग झडेपर्यंत मधला स्त्रीकेसर मिलिमीटरभरच असतो. तो वाढून पराग घ्यायला तयार होतो, तोवर त्याच फुलातला पराग संपलेला. मग दुसऱ्या फुलावरून कुणीतरी आणून द्यायलाच हवा. नुसत्या वाऱ्यावर भागत नाही. बोंडाला तीन कप्पे, कप्प्यात जास्तीत जास्त दोन बिया. सहाच्या सहा भरलेलं बोंड सापडलं की मी ते घरच्यांना दाखवत सुटतो.

गंमत म्हणजे माशीला कांद्याचं फूल फारसं रुचत नाही. त्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त, त्यात ऊन तापलं की तो घट्ट होतो. शेजारी मोहरी किंवा कोथिंबीर फुलावर असली की माशी तिकडेच रमते. त्यामुळे माशा याव्यात म्हणून ‘बांधाला मोहरी पेरा’ हा सल्ला मला अर्धाच पटतो. मोहरी हवी, पण डोंगळे फुलायच्या आत आटोपणारी. मेलिफेरा जातीच्या पाळीव मधमाश्यांच्या पेट्याही गोंड्यांत थोडी फुलं उमलल्यावरच आणाव्यात. आधी आणल्या तर माशा दुसऱ्याच फुलांना सोकावतात, आणि मग त्यांना वळवणं अवघड. जवळच्या वडाला आग्यामोहोळ लागलेलं असेल तर मला त्याचाच भरवसा जास्त; भाडं नाही, वाहतूक नाही. फक्त मधासाठी कुणी ते जाळू नये, एवढी राखण करावी लागते.

खरी कसरत फुलकिड्यांची. ते फुलोऱ्यातच उठतात आणि त्यांच्यावरचं फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड माशीलाही मारतं. म्हणून मी फवारणी गोंडा फुटायच्या आत उरकतो. नंतर थोडे किडे दिसले तरी हात आखडतो, अगदीच नाइलाज झाला तर सौम्य औषध आणि तेही संध्याकाळी, माशा परतल्यावर. बाया सकाळी गोंड्यांवरून हलका हात फिरवतात, त्यानेही थोडं बी धरतं. पण गोंड्यातली फुलं एकदम उमलत नाहीत, दोन-तीन आठवडे चालतात. तेवढे दिवस रोज कोण हात फिरवणार? मजुरीचा हिशेब केला की पेट्या स्वस्तच पडतात.

एवढं जमलं तरी शेजार सांभाळावा लागतो. लाल-पांढरा हा भेद माशी करत नाही. प्रमाणित बियाण्याला दुसऱ्या वाणाच्या डोंगळ्यांपासून निदान अर्धा किलोमीटर अंतर हवं, नाहीतर सगळी भेसळ. यंदा ओढ्यापलीकडचे भाऊ पांढऱ्याचे डोंगळे लावायचं म्हणताहेत. त्यांना लावणीसाठी आमचे लाल कांदे फुकट देऊ केलेत. ‘बघू’ म्हणालेत.