दादा नांदेडला असतो

मला बघायला पाहुणे येणार म्हटलं, की आमच्या लातूरच्या घरात तीन गोष्टी ठरलेल्या. पोहे, सोफ्याची नवी कव्हरं आणि दादाची बॅग! आदल्या दिवशी बाबा त्याला एसटीनं अहमदपूरमार्गे नांदेडला मावशीकडे सोडून यायचे. 'थोरले काय करायलेत?' असं कुणी विचारलं, की आईचं उत्तर पाठ. 'नांदेडला असतो.' खोटं कुठंय? तेवढ्या दिवसापुरता असायचाच की.

दादाला स्किझोफ्रेनिया आहे. इंजिनीअरिंगच्या थर्ड इयरला सुरू झाला. (बहुधा ऐन विशीतच तो डोकं वर काढतो. आणि सिनेमातलं ते 'दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व' म्हणजे हा आजार नव्हे, प्लीज!) त्याला आवाज ऐकू यायचे. शेजारी पाळत ठेवतात, असं वाटायचं. गोळ्यांनी ते आवाज कमी झाले. आमचेच वाढले. 'आंघोळ कर', 'किती लोळशील', 'तुझ्यापायी हिचं लग्न अडलंय'...

मी पुण्यात नोकरीला. एका रविवारी 'देवराई' पाहिला. 2004चा सिनेमा, अतुल कुलकर्णीचा शेष आणि त्याला सांभाळणारी सोनाली कुलकर्णी. त्या सिनेमामागे उभे होते कॅनडातल्या कॅलगरीत प्राध्यापकी केलेले डॉ. जगन्नाथ वाणी. त्यांच्या पत्नीला हाच आजार होता. तो लपवायचं सोडून त्यांनी 1997 साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन काढली. डॉ. वाणी 2017 मध्ये गेले. आणि आम्ही? आम्ही बॅग भरत होतो.

मग धीर करून पुण्यातल्याच एका स्वमदत गटात गेले. तिथल्या काकूंनी एकच विचारलं, 'नांदेडला जायचं का, हे भावाला कधी विचारलंस?'

नव्हतं विचारलं. कधीच.

आईला व्हिडिओ मीटिंगला बसवलं. पहिल्या दिवशी तिनं कॅमेरा बंद ठेवला आणि 'मी निलंग्याची' म्हणून ठोकून दिलं! ओळखीचं कुणी निघालं तर? तिथं कळलं, की घरात सतत टोमणे, राग असेल तर आजार पुन्हा उलटण्याची शक्यता वाढते. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन यांनी 1950-60च्या दशकांत हे अभ्यासून दाखवलं होतं. आई रडायलाच लागली, 'म्हणजे माझ्यामुळंच झालं का?' नाही, आई. आजार घरच्यांमुळे होत नाही. पण गोळ्या चालू ठेवायच्या आणि जीभ जरा आवरायची, एवढं आपल्या हातात आहे. आता रात्री-बेरात्री घाबरली, की ती 14416 लावते. टेली-मानस, 2022 पासूनची सरकारी फुकट हेल्पलाइन. मराठीत बोलतात.

गेल्या महिन्यात पुन्हा स्थळ आलं. दादाला विचारलं. 'मी थांबतो,' म्हणाला. पाहुण्यांना पाणी त्यानंच दिलं. काय करता, या प्रश्नावर म्हणाला, 'सध्या औषधं चालू आहेत. सकाळी बाबांसोबत दुकानात बसतो.' आईच्या हातातली पोह्यांची प्लेट थरथरली. पण ती आत गेली नाही.

पाहुण्यांचा फोन अजून आलेला नाही. मावशीचा मात्र त्याच रात्री आला, 'अगं, पोरगं आलंच नाही. मी गादी घालून बसलेय!'