द्राक्षमळ्यातली टाइमशीट

प्रार्थना करून बग जात नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मी ख्रिस्ती आहे आणि सॉफ्टवेअर लिहून पोट भरते, हे एकत्र कळलं की कुणीतरी हसत हसत विचारतंच, की प्रार्थनेनं बग जातो का. बग जातो तो लॉग वाचून, स्वतःवर शंका घेऊन, एकेक शक्यता खोडत नेऊन. रिलीजच्या आदल्या रात्री मी प्रार्थना करते, नाही असं नाही. पण ती सर्व्हरसाठी नसते. त्या रात्री टीममधल्या कुणावर आपण डाफरू नये, यासाठी असते.

मी नगरची. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं, तरी माझ्या तोंडी नगरच येतं. रेव्हरंड टिळकांची पदं कानावर पडतच आम्ही मोठे झालो. येशू सुताराच्या घरात वाढला, पौल तंबू करून पोट भरायचा, हे संडे स्कूलमध्ये सगळ्यांनाच शिकवतात. मला मात्र जवळचा वाटत आला तो बसालेल. बायबलमधल्या निर्गमच्या एकतिसाव्या अध्यायात तो भेटतो. मिसरातून निघालेल्या इस्राएल लोकांना रानात निवासमंडप उभारायचा आहे. सोनं-रुपं घडवायचं, रत्नांना पैलू पाडायचे, लाकूड कोरायचं. त्यासाठी देव बसालेलला आपल्या आत्म्यानं भरतो. हा राजा नाही, याजक नाही, संदेष्टाही नाही. साधा कारागीर. बोटांतलं कसब हेही देवाचंच देणं, असं तो अध्याय सांगतो. पण देणं मिळालं म्हणून मोजमाप सुटत नाही. आजूबाजूचे कितीतरी अध्याय पडद्यांची लांबी, फळ्या, बिरडी आणि कड्या यांच्या हिशेबानं भरलेले आहेत. उपासनेत वाचताना ते कंटाळवाणे वाटतात. आमच्या धंद्यातल्या माणसाला त्यात चोख स्पेसिफिकेशन दिसतं.

लाकूड कोरणाऱ्याची एक सोय मला नाही. फळी चिरली तर तो फळीला दोष देऊ शकतो. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या १९७५ च्या पुस्तकात यावर नेमकं बोट ठेवलं आहे. ब्रुक्स म्हणजे आयबीएमच्या सिस्टिम/३६० या प्रकल्पाचे प्रमुख आणि श्रद्धावान ख्रिस्ती. प्रकल्प का रखडतात, याची चर्चा करता करता ते लेखिका डोरोथी सेयर्स यांच्या ‘द माइंड ऑफ द मेकर’ या पुस्तकाकडे वळतात. निर्मितीचे तीन टप्पे पाहताना सेयर्स यांच्या डोळ्यांपुढे त्रैक्याचा सिद्धान्त होता: आधी मनातली कल्पना, मग तिला देह देणं, आणि शेवटी ती दुसऱ्याच्या मनात उतरणं. ब्रुक्स ती विभागणी प्रोग्रामरच्या कामाला लावतात. इतर कारागिरांना दुसऱ्या टप्प्यात वस्तूचा विरोध सोसावा लागतो. आमचं माध्यम निव्वळ विचार. ते विरोध करत नाही, म्हणून सगळं सुरळीत होईल असं आम्ही गृहीत धरतो. आणि तरीही बग निघतात, कारण मुळात आमचे विचारच सदोष असतात.

माणूस सदोष आहे, हे पाळकसाहेब दर रविवारी सांगतात. कम्पायलर ते दिवसभर सांगत असतो. फरक एवढाच, की पाळकसाहेब त्यापुढे कृपेबद्दलही बोलतात.

दोष मान्य करूनही नेटानं काम कसं करावं, याचं उदाहरण म्हणजे संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ. हे ल्यूथरन पंथाचे. बायबलच्या बहुतेक पुस्तकांतून तिसऱ्या अध्यायाचं सोळावं वचन घेऊन त्यांनी अभ्यास केला. १९९१ साली त्याचं पुस्तक झालं. त्याआधी, १९७७ मध्ये, स्वतःच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं त्यांना बघवेनात, म्हणून त्यांनी अक्षरजुळणीची प्रणालीच लिहायला घेतली. तीच टेक. तिच्यातली किंवा आपल्या पुस्तकांतली चूक दाखवणाऱ्याला ते २००८ पर्यंत धनादेश पाठवत असत. पुस्तकांतल्या चुकीचा दर २.५६ डॉलर, म्हणजे २५६ सेंट. अनेकांनी धनादेश वटवण्याऐवजी चौकट करून लावला. नव्या आवृत्तीगणिक टेकच्या क्रमांकात पायचा (π) एकेक अंक वाढतो. आपल्या मृत्यूनंतर क्रमांक पाय करावा आणि मग काहीही बदलू नये, असं त्यांनी सांगून ठेवलं आहे. चुकीची किंमत मोजायची, आणि तरी एके दिवशी काम हातातून सोडायचं.

काम हातातून सोडण्याची अशीच एक गोष्ट माझ्या वाटेवरची आहे. नगरहून पुण्याची रेल्वे दौंडवरून येते आणि वाटेत केडगाव लागतं. तिथं मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबल मराठीत आणलं. संस्कृतातली ही विदुषी त्या भाषा शिकायला पुन्हा विद्यार्थिनी झाली. खिळे जुळवणं, छापणं ही कामं मिशनच्या छापखान्यात बायका-मुली करत. त्यांतल्या कितीतरी दुष्काळातून, वैधव्यातून आलेल्या. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. ग्रंथ बाहेर आला १९२४ मध्ये. त्या जुळारी मुलींपैकी कुणाचं नाव मला सांगता येणार नाही. ओळ मात्र सरळ लागलेली आहे.

आमच्याकडे नाव लागतं, शिवाय त्यापुढे रेटिंगही. टाइमशीटमध्ये तास भरायचे, अप्रेझलला स्वतःची स्तुती स्वतः लिहायची, आणि शेवटी बेल कर्व्हमध्ये कुणाला तरी खाली ढकलावंच लागतं. प्रोजेक्ट संपला की माणूस बेंचवर. कालपर्यंत ज्याच्याशिवाय बिल्ड होत नव्हता, तो आज कँटीनमध्ये नजर चुकवतो. त्याचं कसब रातोरात आटलेलं नसतं. त्याला कुणी घेतलेलं नसतं, इतकंच.

मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळा मला इथं हिंजवडीत उमगला. धनी पहाटे मजूर लावतो, मग दिवसभर आणखी लावत राहतो, अगदी मावळतीला तासभर उरला असतानाही. संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर सारखाच दिनार. पहाटेचे मजूर कुरकुरतात, आणि टाइमशीट भरणाऱ्या मला त्यांचं म्हणणं पटत असे. दिवसभर रिकामे का उभे होता, असं विचारल्यावर शेवटचे मजूर जे सांगतात, त्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. ते आळशी नव्हते. त्यांना कुणी कामावर घेतलं नव्हतं. ते बेंचवर होते. आणि त्यांच्या घरीही रात्री भाकरी लागणारच होती.

आता कोड लिहून देणारी यंत्रं आली आहेत. उद्या बेंच किती लांबेल, याची चर्चा प्रत्येक चहाच्या टपरीवर चालते. माझ्या कसबाचा भाव बाजार ठरवणार, आणि त्यावर बाजाराशी घासाघीस करायला मी तयार असते. माझं मोल मात्र त्या भावात धरलेलं नाही, असं माझा विश्वास सांगतो. हे मनात पक्कं असलं, की रिव्ह्यूमध्ये कुणी ‘हे चुकलंय’ म्हणालं तर ऐकून घेता येतं, आणि काम अधिक नीट होतं. मावळतीला आलेल्याच्या हातावर माझ्याइतकाच दिनार पडला तर पोटात दुखू नये, हेही त्यातून यायला हवं. ते अजून पुरतं जमलेलं नाही.