दावणीला बांधलेला लायपेझ

लायपेझ हा चरबी फोडणारा एन्झाइम. त्याचे भाऊबंद आपल्या पोटातही आहेत, पण तुमची गाठ घालून द्यायची आहे ती यीस्टच्या घराण्यातल्या लायपेझशी. घराण्याचं नाव कँडिडा रुगोसा. 534 अमिनो आम्लांची साखळी स्वतःभोवती गुंडाळून बसलेली ही स्वारी जेमतेम पाच-सहा नॅनोमीटरची. कामाला वाघ, पण स्वभावाने भलतीच लहरी.

नुसत्या पाण्यात सोडलं, तर साहेब दार लावून बसतात. हे दार खरोखरचं आहे. जिथे चरबी फुटते त्या खाचेवर साखळीचंच एक झाकण असतं आणि पाण्यात ते बहुधा मिटलेलंच राहतं. तेलाचा थेंब जवळ आला, तेल आणि पाणी जिथे भेटतात ती सीमा लागली, की झाकण बाजूला होतं आणि कामाचा सपाटा सुरू होतो. यजमानाच्या घरी तेल आहे याची खात्री पटल्याशिवाय बाह्या सरसावायच्या नाहीत, हा याचा बाणा मला फार आवडतो.

नाजूकपणाही तितकाच. जरा ऊन लागलं की गुंडाळी उसवते, आणि उसवली की खेळ खलास. शिवाय एकदा पाण्यात मिसळला की परत हाती लागत नाही. 1988 मध्ये नोवो कंपनीने ‘लायपोलेज’ नावाचा लायपेझ कपड्यांच्या पावडरीसाठी बाजारात आणला. तिथे तो डाग काढतो आणि साबणाच्या पाण्याबरोबर मोरीतून निघून जातो. इतक्या गुणी कामगाराला एका धुण्यात वाटेला लावायचं, हे काही बरं नव्हे.

एन्झाइमला बांधून ठेवायची युक्ती तशी जुनी. 1916 मध्ये नेल्सन आणि ग्रिफिन यांना दिसलं की कोळशाला चिकटलेला इन्व्हर्टेज हा एन्झाइमही साखर फोडतच राहतो. 1969 मध्ये जपानच्या तानाबे सेयाकु कंपनीत इचिरो चिबाता आणि सहकाऱ्यांनी बांधलेल्या एन्झाइमवर कारखाना चालवून दाखवला.

आपल्या लायपेझची दावण मात्र लोखंडाची, मॅग्नेटाइटच्या कणांची. कण दहा नॅनोमीटरचा धरला, तर एका ग्रॅमचा पृष्ठभाग सुमारे 115 चौरस मीटर भरतो. कणांवर आधी सिलेनचा लेप देऊन अमाइन गट बसवतात, मग ग्लुटराल्डिहाइड घालतात. या रेणूला दोन टोकं. एकाने तो कण धरतो, दुसऱ्याने लायपेझच्या अंगावरचं लायसिन हे अमिनो आम्ल. चार ठिकाणी बांधला गेला की गुंडाळी सहजी उसवत नाही, आणि एरवी सोसली नसती अशी उष्णताही तो सोसतो. तेलकट अंगाच्या कणावर नुसता टेकवला तर आणखी गंमत: तेल आलं असं समजून झाकण उघडतो आणि तसाच बसून राहतो!

प्रयोगशाळेत त्याला पाहावं ते बाटलीला चुंबक लावताना. काळपट तपकिरी पाणी बघता बघता निवळतं आणि सगळी मंडळी काचेच्या एका बाजूला गोळा होतात. वरचं पाणी ओतून द्यायचं, चुंबक काढायचा, बाटली हलवायची. कण पुन्हा पांगतात, कारण इतक्या लहान कणांत चुंबकत्व मागे उरत नाही. मग पॅरा-नायट्रोफिनाइल पाल्मिटेट घातलं की लायपेझ ते फोडतो आणि द्रावण पिवळं होतं. म्हणजे गडी कामावर हजर. धुऊन पुन्हा घाला, पुन्हा पिवळं. फक्त हळूहळू रंग फिका होत जातो.

रुसवे-फुगवे आहेतच. चुकीच्या जागी धरला गेला की तोंड भिंतीकडे करून बसतो. ग्लुटराल्डिहाइड जास्त झालं तर जायबंदी होतो. एकाच कणावर फार गर्दी केली की शेजाऱ्यांच्या कोपरांमुळे तेल याच्यापर्यंत पोचत नाही. आम्ल लागलं तर दावणच विरघळू लागते, म्हणून कणांना सिलिकाचं अस्तर देतात. बांधताना थोडी कामाची धार जाते, ही किंमत मोजावीच लागते. परत परत हाताशी येणाऱ्या कामगारासाठी मला ती रास्त वाटते.

तेल आणि मिथेनॉलपासून बायोडिझेल बनवायच्या कामावर घेतलात तर एक पथ्य सांभाळा. तेलाच्या एका रेणूमागे मिथेनॉलचे तीन रेणू लागतात, पण ते एकदम ओतलं तर बांधलेला लायपेझही गारद होतो. मिथेनॉल हप्त्याहप्त्याने घाला, आधीचं संपलं की पुढचं.