सिग्नलला ‘एन’ की ‘डी’?

तुमच्या घरात ऑटोमॅटिक गाडी असेल, तर हा वाद तुमच्याकडेही झाला असणार. सिग्नल लाल झाला की गिअर न्यूट्रलला टाकायचा, की ‘डी’मध्येच ठेवून ब्रेकवर पाय दाबून बसायचं? आमच्याकडे हा वाद मिटला, पण त्याआधी एका स्कूटरचं मडगार्ड तुटलं आणि आईने गाडीची किल्ली खुंटीला टांगून ठेवली.

झालं असं. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर क्लच दाबणं त्यांना जमेना. जुनी गाडी विकून आम्ही एएमटी घेतली, सेकंडहँड. मारुतीने २०१४ मध्ये सेलेरिओतून एएमटी आणली, त्यानंतर आमच्यासारख्या घरांनाही ऑटोमॅटिक परवडू लागली. गंमत म्हणजे गाडी शिकली आई! बावन्नाव्या वर्षी लायसन्स काढलं आणि दोन महिन्यांत भाजी, बँक, बाबांची फिजिओथेरपी, सगळं तिच्याकडे आलं.

बाबांचा एकच नियम होता, “सिग्नल दिसला की न्यूट्रल.” मीही त्यांच्याच जुन्या गाडीवर शिकलेली, त्यामुळे आईशेजारी बसले की माझीही तीच रेकॉर्ड सुरू.

त्या दिवशी आम्ही पुलाच्या चढावर थांबलो होतो. टायमरवर वीस सेकंद उरले होते. मी म्हटलं, “आई, न्यूट्रल टाक.” तिने टाकला. हिरवा दिवा लागला, मागून हॉर्नचा गलका सुरू झाला. घाईत तिने ब्रेक सोडून ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन नुसतं गुरगुरलं आणि गाडी मागे घसरली. तिने ब्रेक दाबेपर्यंत मागच्या स्कूटरला धक्का बसला होता. स्कूटरवाल्याने पाय टेकवून तोल सावरला, म्हणून त्याला काही लागलं नाही. आम्ही मडगार्डचे पैसे दिले, माफी मागितली.

घरी बाबांनी विचारलं, “काय झालं?” मी पटकन म्हणाले, “आईचं गिअरकडे लक्ष नव्हतं.” आई काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती रिक्षाने जाऊ लागली.

तीन आठवडे किल्ली खुंटीलाच होती. येताजाता ती दिसायची आणि माझं मन मला खायचं. शेवटी एका रात्री मी गाडीचं मॅन्युअल काढून बसले. दिवसभर इतरांसाठी लेख लिहिणारी मी, पण घरातल्या गाडीचं पुस्तक कधी उघडलं नव्हतं!

वाचल्यावर कळलं, बाबांचा नियम चुकीचा नाही, पण तो मॅन्युअल गाडीचा आहे. तिथे गिअरमध्ये थांबायचं तर क्लच दाबून धरावा लागतो. पाय दुखतो आणि क्लचचं बेअरिंगही झिजतं. एएमटीमध्येही क्लच असतोच, पण तो आपल्या पायाऐवजी यंत्रणा चालवते. ‘डी’मध्ये ब्रेक दाबून उभं राहिलं की क्लच आपोआप सुटलेला असतो, म्हणून छोट्या सिग्नलला न्यूट्रलने विशेष काही वाचत नाही. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत ब्रेक दाबल्यावर इंजिनची ताकद आतल्या तेलात घुसळली जाते. त्यात थोडं इंधन जातं, थोडी उष्णता होते, पण गिअरबॉक्स ते सोसण्यासाठीच बनवलेला असतो.

मग न्यूट्रल कधी? सिग्नल दोन-तीन मिनिटांचा असेल, पाय दुखत असेल, तर ‘एन’ टाका आणि हँडब्रेक ओढा. इंधन वाचवायचंच असेल, तर इंजिन बंद करणं खरं कामाचं. दिल्लीत ऑक्टोबर २०२० मध्ये ‘रेड लाइट ऑन, गाडी ऑफ’ मोहीम निघाली, ती प्रदूषणासाठी याच कारणाने. पुन्हा ‘डी’ टाकताना मात्र पाय ब्रेकवर हवाच. चढावर ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडी धरून ठेवू नका, एएमटीचा क्लच त्यानेच जळतो. त्याऐवजी हँडब्रेक लावा. आणि घाटाच्या उतारावर चालत्या गाडीत न्यूट्रल कधीच नको, कारण इंजिनचा ब्रेक जातो आणि सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येतो.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी सगळं सांगितलं. मॅन्युअलमधलं आधी, आणि मग जे अवघड होतं ते, “बाबा, त्या दिवशी न्यूट्रल टाक असं मीच म्हटलं होतं.”

बाबा आईकडे बघत राहिले. “मग तू बोलली का नाहीस?”

आई पोळी वाढत म्हणाली, “मला वाटलं, हिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.”

हे वाक्य मला स्कूटरच्या धक्क्यापेक्षा जोरात लागलं.

त्या रविवारी सकाळी रस्ते रिकामे असताना आई पुन्हा स्टिअरिंगवर बसली. त्याच पुलावर सिग्नल लाल झाला. तिने गिअर ‘डी’तच ठेवला, ब्रेक घट्ट दाबला, हँडब्रेक ओढला. मी गप्प बसले. हिरवा दिवा लागला आणि आम्ही पुढे निघालो.

तुमच्या गाडीचं मॅन्युअलही बहुधा डॅशबोर्डच्या खणात पडून असेल. आज रात्री जरा चाळा. आणि घरातलं कुणी नव्याने गाडी शिकत असेल, तर शेजारी बसून सूचना देण्याआधी ती सूचना त्याच गाडीची आहे ना, एवढं नक्की बघा.