शरणपूरचे परदेशी विद्यार्थी

'धर्मशिक्षणासाठीं परदेशीं जाणें' हे शब्द कानीं पडले कीं आम्हां ख्रिस्ती लोकांच्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें. मंडळींतील एखादा होतकरू तरुण, त्याच्या गळ्यांत हार, निरोप देण्यास जमलेले आप्तेष्ट, पाळकसाहेबांची लांबलेली प्रार्थना, आणि दूर कोठें तरी इंग्लंड-अमेरिकेंत असलेलें एखादें विद्यालय. जाणारे आपण, शिकविणारे ते. हें चित्र खोटें नाहीं, परंतु अपुरें आहे. एक काळ असा होता कीं 'परदेश' म्हणजे आपलें नाशिक होतें, आणि तेथें शिकलेल्या परक्या मुलांनीं समुद्रापलीकडे जाऊन मंडळ्या सांभाळल्या. ही हकीकत आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक नसते व त्यांच्या वडील माणसांसही बहुधा नसते. म्हणून यंदाच्या अंकासाठीं आमच्याकडे लेख मागण्यांत आला तेव्हां हाच विषय घ्यावयाचें आम्हीं ठरविलें. त्यास एक खासगी कारणही घडलें. तें ओघानें पुढें येईल.

शाळेची सहल नाशिकास गेली होती. पंचवटी व पांडवलेणीं पाहून झालीं होतीं, मुलें दमलीं होतीं, आणि मोटार शरणपूर रोडवरच्या गर्दींत अडकून पडली होती. आठवीच्या वर्गांतील एका मुलीनें दुकानावरील पाटी वाचून विचारलें, "सर, कोण कोणाला शरण आलें म्हणून हें नांव पडलें?" प्रश्न मार्मिक होता. कर्ण्यांच्या त्या कोलाहलांत त्याचें पुरतें उत्तर देण्याची सोय नव्हती, तें येथें देतों.

इ. स. १८५४ मध्यें चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनीं नाशिक शहराबाहेर एक ख्रिस्ती वसाहत वसविली. धर्मांतरामुळें ज्यांचें घरदार सुटलें होतें त्यांनीं येथें राहावें व कष्ट करून पोट भरावें, असा हेतु होता. शाळेच्या जोडीला सुतारकी, लोहारकी असे धंदे शिकविण्याची व्यवस्था होती. त्या काळीं अरबी समुद्रांत गुलामांचा व्यापार जोरांत चाले. पूर्व आफ्रिकेंतील खेड्यांतून पळविलेलीं माणसें गलबतांत कोंबून अरबस्तानाकडे नेत. इंग्रज आरमाराच्या हातीं असें एखादें गलबत लागलें म्हणजे त्यांतील लोकांस मुक्त करून पुष्कळदां मुंबईस आणून उतरवीत. मोठीं माणसें कोठें तरी चाकरीस लागत. पण मुलांचें काय करावयाचें? त्यांस घरीं पोंचवावें तर घर कोणत्या दिशेस आहे हें सहा वर्षांच्या पोरास काय सांगतां येणार? अशीं कित्येक मुलें मिशनच्या स्वाधीन करण्यांत आलीं, व पुढें त्यांचा आश्रम शरणपुरास आला. गोदावरीच्या कांठीं, आपल्या ज्वारी-बाजरीच्या मुलखांत, तीं वाढलीं. त्यांस नवीं इंग्रजी नांवें मिळालीं. आईबापांनीं ठेवलेलीं नांवें बहुतेकांचीं काळाच्या उदरांत गडप झालीं.

शाळेंत भूगोल शिकवितांना आम्ही लिव्हिंग्स्टनचें नांव घेतोंच. आफ्रिकेच्या शोधासाठीं अखेरच्या सफरीवर निघण्यापूर्वी ते मुंबईस आले होते, आणि इ. स. १८६५ मध्यें त्यांनीं शरणपूरच्या शाळेंतून नऊ तरुण आपल्याबरोबर घेतले. चूमा नांवाचा त्यांचा प्रसिद्ध सेवक मुंबईस डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेंत होता, तोही निघाला. पुढें इ. स. १८७२ मध्यें त्यांच्या मदतीस जी तुकडी गेली तींतही नाशिकचे विद्यार्थी होते, व त्यांत जेकब वेनराइट हा एक होता. इ. स. १८७३ च्या मे महिन्याच्या आरंभीं चितांबो नांवाच्या मुखियाच्या गांवीं लिव्हिंग्स्टन मरण पावले. जवळ एकही गोरा मनुष्य नव्हता. सोबत्यांनीं त्यांचें हृदय तेथेंच एका झाडाखालीं पुरलें, आणि अंत्यविधीचा पाठ जेकबनें वाचला. त्या झाडाच्या बुंध्यावर नांव व दिनांक कोरण्याचें कामही त्यानेंच केलें. मग मीठ लावून उन्हांत वाळविलेला तो देह त्या मंडळींनीं महिनोन्महिने खांद्यावरून वाहत समुद्रकिनाऱ्यास आणला. इ. स. १८७४ च्या एप्रिलमध्यें वेस्टमिन्स्टर ॲबींत दफनविधि झाला त्या वेळीं शवपेटिकेच्या मानकऱ्यांत जेकब वेनराइट होता.

येथें क्षणभर थांबावेंसें वाटतें. जेकबला पाळकाची दीक्षा मिळालेली नव्हती. त्यास कोणी पदवी दिली नव्हती. परंतु ज्या घटकेस एका मृत मनुष्यापुढें उभें राहून देवाचें वचन वाचणारा कोणी तरी हवा होता, त्या घटकेस वाचतां येणारा व वाचण्याचें धैर्य असलेला मनुष्य तोच होता. तें वाचन त्यानें शरणपूरच्या शाळेंत शिकलें होतें. ज्या शिक्षकानें त्यास मुळाक्षरें गिरवावयास लाविलीं त्याचें नांव आम्हांस कोठें आढळलें नाहीं. आमच्या धंद्यांत असें चालावयाचेंच!

मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर हे इ. स. १८७३ मध्यें झांजीबारास गेले व त्याच वर्षीं तेथील सुलतानानें समुद्रमार्गें होणारा गुलामांचा व्यापार बंद करण्याच्या तहावर सही केली. मग मुक्त झालेल्या लोकांस वसवावयास आफ्रिकेंतच जागा हवी झाली. तिच्या उभारणीसाठीं शरणपूरचे तेच प्राइससाहेब इ. स. १८७४ मध्यें मोंबासास गेले. वसाहतीचें नांव फ्रेअरटाउन. तेथील शाळा, देऊळ व कारखाने चालवावयास तयार माणसें कोठून आणावयाचीं? तीं नाशिकास तयार होतीं. शंभराहून अधिक आफ्रिकन स्त्रीपुरुष इकडून तिकडे गेले, आणि तिकडे त्यांस 'मुंबईचे आफ्रिकन' असेंच नांव पडलें. म्हणजे पाहा, आपल्या देशांत ते आफ्रिकन आणि आफ्रिकेंत ते मुंबईकर.

त्यांच्यापैकीं विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर हे दोघे तर त्यापूर्वीच, इ. स. १८६४ मध्यें, मोंबासाजवळील रबाई येथें वृद्ध मिशनरी रेबमान यांच्या साहाय्यास गेले होते. इ. स. १८८५ मध्यें बिशप हॅनिंग्टन यांनीं या दोघांस फ्रेअरटाउन येथें डीकनपदाची दीक्षा दिली. एकवीस वर्षें! आमच्या तरुण वाचकांनीं हा आंकडा ध्यानांत घ्यावा. आज तीन वर्षांचा अभ्यासक्रम संपतांच 'रेव्हरंड' ही पाटी दारावर कधीं लागते अशी घाई होते.

त्याच वर्षीं बिशपसाहेब युगांडाच्या वाटेस लागले व जोन्स त्यांच्याबरोबर गेला. वाटेंत एके ठिकाणीं तांड्याचा मोठा भाग जोन्सच्या हवालीं करून बिशपसाहेब थोड्या माणसांनिशीं पुढें गेले, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस मारले गेले. पुढें गेलेल्यांपैकीं हातांवर मोजण्याइतके लोक जीव वांचवून परत आले व त्यांनीं ती बातमी सांगितली. जोन्सनें तरीही कांहीं काळ वाट पाहिली, आणि मग तो उरलेला तांडा शेंकडों मैलांच्या रानांतून रबाईस परत आणला. इ. स. १८८६ च्या फेब्रुवारींत तो गांवांत शिरला तेव्हां पुढें एक निळें निशाण होतें, आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द शिवलेला होता: 'ईखाबोद'. जुन्या करारांत पहिल्या शमुवेलाच्या चौथ्या अध्यायांत हा शब्द कोठें व कां आला आहे तें मुलांनीं घरीं काढून पाहावें, आणि आईबापांनीं त्यांच्याबरोबर बसावें. पवित्र शास्त्र ज्याच्या अंगीं भिनलें आहे त्यालाच दुःखाच्या वेळीं असा नेमका शब्द सुचतो. पोथीवर परीक्षा देऊन तो सुचत नाहीं.

पुढें रबाईस आसपासच्या धन्यांकडून पळालेले गुलाम जोन्सच्या मंडळीच्या आश्रयास येऊं लागले. त्यांचे मालक हत्यारें घेऊन दारांत येण्याची भीति होती. ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीनें अखेर मालकांस भरपाई देऊन तंटा मिटविला व इ. स. १८८९ च्या पहिल्या दिवशीं मिशनच्या ठाण्यांवरील चौदाशेंहून अधिक लोकांस मुक्तीचे दाखले मिळाले. लहानपणीं स्वतः विकला गेलेला मनुष्य, नाशिकच्या शरणपुरांत वाढून, आपल्या खंडांत एका दुसऱ्या शरणपुराचा पाळक झाला होता. त्या मुलीच्या प्रश्नाचें आमचें उत्तर हें असें आहे.

इतकें सांगून थांबलों असतों तर लेख गोड झाला असता. परंतु या मंडळींच्या वाट्यास जें आलें त्यांत कडूही पुष्कळ होतें, व तें लपविणें इतिहासास धरून होणार नाहीं. कांहीं युरोपियन मिशनऱ्यांची तक्रार अशी कीं, हे मुंबईकर फार इंग्रजी बोलतात, कोट-पाटलोण घालतात, पगार अधिक मागतात आणि नम्र नाहींत. मुंबईकरांचें म्हणणें असें कीं, तुम्हींच आम्हांस हें शिकविलें, मग आतां बरोबरीनें बसूं कां देत नाहीं? किनाऱ्यावरच्या लोकांस तर ते परकेच वाटत. त्यांची बोली निराळी, राहणी निराळी, आणि सख्खीं नातीं तुटलेलीं. शिक्षणानें त्यांस उंच केलें आणि त्याच शिक्षणानें एकटें पाडलें. आमच्या मतें दोष शिक्षणाचा नव्हता. ज्यांस पुढारी म्हणून तयार केलें त्यांच्या हातीं पुढारीपण देण्याची तयारी शिकविणाऱ्यांच्या मनांत नव्हती, हा खरा दोष होता. ती तयारी व्हावयास पुष्कळ वर्षें लागलीं. फ्रेअरटाउन येथें इ. स. १९०३ मध्यें पाळकांसाठीं विद्यालय निघालें. पुढें तें लिमुरू येथें गेलें आणि आज तें सेंट पॉल्स नांवाचें विद्यापीठ आहे.

शिकण्यासाठीं माणूस उचलून दूर न्यावा, कीं शिक्षण त्याच्याजवळ आणावें, हा वाद सर्व जगांत झाला आहे. ग्वाटेमाला देशांतील प्रेस्बिटेरियन मंडळीस असें आढळून आलें कीं, राजधानींत शिकलेले तरुण खेड्यांत परत राहावयास फारसे राजी नसतात, आणि खेड्यांतील खरे पुढारी म्हणजे शेतीवाडी व पोरेंबाळें सोडून न येऊं शकणारे प्रौढ गृहस्थ असतात. म्हणून इ. स. १९६३ पासून तेथील शिक्षकच आठवड्यांतून एकदां ठिकठिकाणच्या केंद्रांवर जाऊन शिकवूं लागले. ही पद्धत पुढें अनेक देशांनीं उचलली. आपल्याकडे तर पाळकांचें शिक्षण आतां दूरचें राहिलेलें नाहीं. श्रीरामपूर कॉलेज इ. स. १८१८ चें, आणि यवतमाळास इ. स. १९५३ मध्यें सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी इ. स. १९८३ पासून पुण्यास आहे. मग समुद्र ओलांडावयाचा कशासाठीं?

हाच प्रश्न घेऊन एक गृहस्थ गेल्या उन्हाळ्यांत आमच्या घरीं आले. तेंच वर उल्लेखिलेलें खासगी कारण. आमच्या शाळेंतून गेलेला त्यांचा मुलगा आपल्याच देशांत पदवीधर होऊन दोन वर्षें एका खेड्यांतील मंडळीचें काम करीत आहे. त्यास परदेशच्या एका विद्यालयांत तीन वर्षांसाठीं शिष्यवृत्ति मिळाली होती, व शिफारसपत्र आम्हीं लिहावें असें त्यानें कळविलें होतें. वडील अर्ज घेऊन आले. छत्री दारांत उभी करून ते बसले, चहा झाला, आणि मग हळूच म्हणाले, "सर, तुम्ही लिहाल तें बरोबरच लिहाल. पण तो परत येईल असें तुम्हांला वाटतं का?"

योगायोग असा कीं अर्जांतही अगदीं तोच प्रश्न छापलेला होता.

आम्हीं लगेच उत्तर दिलें नाहीं. आम्ही स्वतः खेड्यांतून मिशनच्या वसतिगृहांत आलों व पदवीधर झालों. समुद्र ओलांडला नाहीं, फक्त एक नदी व दोन तालुके ओलांडले, तरी आमच्या जन्मगांवच्या मंडळींत आज आम्हांस पाहुण्याची खुर्ची मिळते. तेव्हां अंतराचें कारण समुद्र असतो, हें आम्हांस मान्य नाहीं. उलट, एका मनुष्यानें परक्या लोकांत राहून आपला विश्वास परक्या डोळ्यांनीं पाहावा, यांत मोठा लाभ आहे. आपण ज्यास ख्रिस्ती रीत म्हणतों त्यांतील किती ख्रिस्ताची आणि किती आपल्या गल्लीची, हें गल्ली सोडल्याशिवाय कळत नाहीं.

मुलगा दुसऱ्या दिवशीं स्वतः भेटावयास आला. आम्हीं त्यास जोन्स व सेमलर यांची हकीकत सांगितली, गोड आणि कडू दोन्ही. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, ते परत गेले, पण त्यांना तिकडे कोणी आपलं म्हटलं का?" त्यास आम्हीं सांगितलें कीं, रबाईच्या आश्रयास आलेल्या लोकांनीं म्हटलें असावें, इतरांचें आम्हांस सांगतां येत नाहीं.

त्या रात्रीं आम्हीं अर्ज भरला. अर्जदार परत येईल काय, या प्रश्नापुढें आम्हीं लिहिलें: "त्याचा येण्याचा निश्चय आहे. त्यास परत घेण्याचा निश्चय त्याच्या मंडळीनें करावा, यासाठीं आम्ही येथें राहून प्रयत्न करूं." मग वडिलांस निरोप धाडला, आणि येत्या रविवारीं उपासनेनंतर मंडळीच्या वडीलवर्गास थांबवून ठेवण्यास सांगितलें. सभा दोन तास चालली. तीन वर्षें दरमहा त्यास पत्र कोणीं लिहावयाचें, याची यादी झाली. पहिल्या महिन्याचें पत्र लिहिण्याचें काम त्याच्या आईनें मागून घेतलें. त्या माउलीस लिहितां येत नाहीं. ती सांगेल व आमच्या नववीच्या वर्गांत असलेली तिची धाकटी मुलगी लिहील, असें ठरलें आहे.